पेट्रोलात घालायचं 'औषध': कुठे लागू पडतं, कुठे नाही

उसाची मोठी भरणी झाली की पॉवर विडर (तण काढायचं पेट्रोल इंजिनाचं यंत्र) गोठ्याच्या कोपऱ्यात जातो. वर रिकामं पोतं, टाकीत अर्धा-एक लिटर पेट्रोल आणि कॉक उघडाच. चार महिन्यांनी दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो, तेव्हा इंजिन चोकवर कसंबसं चालू होतं आणि चोक काढला की बसतं. मग बांधावरचा कुणीतरी सांगतो, "पेट्रोलात टाकायचं औषध मिळतंय की, एक बाटली वत, सगळा कचरा जाळून टाकतंय."

ती बाटली खोटी नसते. पण पेट्रोलात मिसळलेलं औषध पेट्रोल जातं तिथेच पोचतं. कार्बोरेटरमधला (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागातला) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, पुरता बुजला असेल तर त्यातून पेट्रोलच जात नाही, मग औषध तरी कसं जाणार? म्हणून औषधाचा उपयोग अर्धवट घाण झालेल्या इंजिनाला होतो आणि स्वच्छ इंजिन स्वच्छ ठेवायला होतो. बंद पडलेल्या इंजिनाला आधी पाना आणि पेचकस लागतो.

हा कचरा येतो कुठून, ते आधी बघू. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातला हलका भाग आधी उडून जातो. इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं ते याच भागामुळे, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर ते चालू व्हायला कुरकुरतं. राहिलेल्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट होतात. कार्बोरेटरच्या वाटीत जेमतेम चार-पाच चमचे पेट्रोल असतं. ते उडालं की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) खाली येतो, सुई उघडते आणि टाकीतून तेवढंच नवं पेट्रोल येतं. कॉक उघडा असेल तर हे आठवड्यामागून आठवडे चालू राहतं. उसाचा रस आटवताना काहिलीत वरून रस घालत राहावं, तसंच. पाणी उडतं आणि खाली काकवी साठते. वाटीतली ही 'काकवी' पिवळट तपकिरी, वार्निशसारखी असते आणि तिला आंबूस वास येतो. मोकळ्यावर इंजिन चालवणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचं, त्यामुळे सगळ्यात आधी बुजतं ते.

म्हणजे औषधाच्या बाटलीइतकंच काम एक फुकटची सवय करते: काम संपलं की कॉक बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवायचं.

आपल्याच उसाचं इथेनॉल

बिघाडाचं दुसरं कारण कोल्हापूरकरांना परकं नाही. जिल्ह्यातल्या काही साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत तयार होणारं इथेनॉल तेल कंपन्या पेट्रोलात मिसळतात. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, ई-२० ची (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची) विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ मध्ये सरासरी मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. उसाच्या दराशी हे जोडलेलं आहे, त्यामुळे इथेनॉलला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. मात्र छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत अजूनही १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली असते. नव्या मशीनची पुस्तिका एकदा उघडून बघा.

इथेनॉलमुळे तीन गोष्टी होतात. पहिली हवेची: एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. चारचाकीतला किंवा नव्या दुचाकीतला संगणक हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटला डोकं नसतं, तो ठरलेलं तेवढंच सोडतो. मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं आणि मोकळ्यावर रेस आपोआप वर-खाली होत राहते. दुसरं म्हणजे जुन्या नळ्या, प्रायमरचा फुगा, डायफ्राम यांचं रबर फुगतं किंवा कडक होतं. तिसरं, इथेनॉल पाणी ओढतं. १० टक्के मिश्रण लिटरमागे साधारण ५ मिलीपर्यंत पाणी पोटात ठेवू शकतं, २० टक्क्यांचं त्याहून जास्त. त्या मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कार्बोरेटरची नळी नेमकी तळाशीच असते. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळ्याच्या पावसात अर्धी रिकामी टाकी म्हणजे दमट हवेची डबीच. रात्री पत्रा गार पडतो आणि आतून घाम धरतो. ॲल्युमिनियमच्या वाटीत चुन्यासारखी पांढरी पूड दिसली, तर ती या पाण्याची करणी.

पेट्रोलात इथेनॉल किती आहे हे घरी बघता येतं. काचेचं १०० मिलीचं मोजमापी नळकांडं घ्या. त्यात आधी १० मिली पाणी, मग ९० मिली पेट्रोल घाला. झाकण लावून हळू हलवा, झाकण एकदा सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाचा थर १० मिलीवर राहत नाही, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. ई-२० असेल तर तळाची रेघ २८ मिलीच्या आसपास येते, ई-१० असेल तर १९ च्या. हे सगळं उघड्यावर, विडी-काडीपासून लांब.

हाच प्रयोग बघून काही जण अख्ख्या कॅनमध्ये पाणी घालून इथेनॉल 'धुऊन' काढतात आणि वरचं पेट्रोल वापरतात. तसं करू नका. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (इंजिन ठोकू न देण्याची ताकद) १०८ च्या आसपास आहे आणि तेल कंपनीने मूळ पेट्रोल ते धरूनच बनवलेलं असतं. इथेनॉल काढलं की उरलेल्याचा ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोकायला लागतं आणि थोडं पाणी आत जातं ते वेगळंच.

बाटलीत नेमकं काय असतं

दुकानात 'फ्युएल ॲडिटिव्ह' म्हणून मागितलं की चार वेगळ्या जातींपैकी कुठलीही बाटली हातात पडू शकते.

पहिली जात साफ करणारी. यातला उत्तम घटक म्हणजे पॉलिइथर अमाइन, बाटलीवर पीईए असं लिहिलेलं असतं. तो साबणासारखा काम करतो. रेणूचं एक टोक घाणीला चिकटतं, दुसरं पेट्रोलात विरघळतं, आणि घाण सुटून पेट्रोलाबरोबर जळून जाते. पीईए उष्णतेला टिकतं, म्हणून इनटेक व्हॉल्व्हच्या पलीकडे सिलिंडरच्या डोक्यावरचा कार्बनही ते हळूहळू कमी करतं. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन हा स्वस्त भाऊ. तो कार्बोरेटर आणि व्हॉल्व्हपर्यंत ठीक काम करतो, पण पुढे जळताना स्वतःचाच थोडा थर मागे ठेवतो. बाटलीवर घटकाचं नावच नसेल आणि 'जादुई मायलेज' एवढंच असेल, तर ती परत फळीवर ठेवा.

दुसरी जात म्हणजे स्टॅबिलायझर. त्यात ऑक्सिजनशी होणारी क्रिया लांबवणारे पदार्थ आणि गंज रोखणारे पदार्थ असतात. हे ताज्या पेट्रोलातच घालायचं. दूध नासल्यावर फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नसतो. तिसरी जात पाणी 'शोषणारी'. तिच्यात बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते पाण्याचे थोडे थेंब पेट्रोलात मिसळवून जाळून टाकतं. थेंब म्हणजे थेंबच. पंचगंगेच्या पुरात जे इंजिन बुडालं त्याच्या टाकीत पेलाभर पाणी असतं, तिथे टाकी उतरवून ओतून काढणं एवढाच उपाय. चौथी जात ऑक्टेन वाढवणारी. छोट्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साधारण साडेआठ-नऊला एक, त्याला वाढीव ऑक्टेनची गरजच नाही, तेव्हा तिच्यावर पैसे घालू नका.

पाचवी जात दुकानात मिळत नाही, पण गावोगाव चालते: कापूर, डांबरगोळी, थिनर. डांबरगोळी पेट्रोलात विरघळते हे खरं. पण वाटीतलं पेट्रोल उडालं की तिचे खडे परत जेटमध्येच तयार होतात. कचरा काढायला कचरा घातल्यासारखं. थिनर रबर खातो. आणि फोर-स्ट्रोकच्या (ऑईल वेगळं भरायच्या इंजिनाच्या) पेट्रोलात चमचाभर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल 'व्हॉल्व्हला वंगण' म्हणून घालतात, त्याने प्लग काळा होतो, बाकी काही नाही.

माप: इथेच सगळं बिघडतं

बाटल्या चारचाकीच्या हिशोबाने भरलेल्या असतात. ३०० मिलीची बाटली ६० लिटरला असं लिहिलं असेल, तर लिटरला ५ मिली होतात. विडरच्या साडेतीन लिटरच्या टाकीला साडेसतरा मिली. म्हणजे मोठा चमचा अन् वर थोडंसं. पण माणूस बाटली उघडतो आणि 'असू दे जरा जास्त' म्हणून चतुर्थांश बाटली ओततो. ते झालं चौपटीहून जास्त. जास्त औषध नीट जळत नाही. धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि न जळलेला भाग पिस्टन रिंगांमधून उतरून इंजिन ऑईल पातळ करतो. सहाशे मिली ऑईलवर चालणाऱ्या इंजिनाला हे झेपत नाही.

मोजायला औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका. काम झालं की लगेच पुसून ठेवा, नाहीतर तिचं काळं रबर पेट्रोलात फुगतं आणि दुसऱ्या वेळेला दट्ट्या हलत नाही. औषध आधी रिकाम्या कॅनमध्ये, मग त्यावर पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. थेट टाकीत घातलं तर ते तळाशी बसून सगळ्यात आधी घट्टच कार्बोरेटरमध्ये उतरू शकतं.

आता औषध घालावं की कार्बोरेटर खोलावा, हे इंजिनच सांगतं. गरम झाल्यावर चालतंय, पण आयडलला (मोकळ्यावर) अधूनमधून मिस मारतंय, चोक काढायला नेहमीपेक्षा वेळ लागतोय: इथे औषध करून बघा. चोकशिवाय अजिबात उभं राहत नाही: पायलट जेट बुजलाय, खोला. मोकळं छान चालतं, पण रानात दात घातले की दम सोडतं: मेन जेट (जोरात चालताना पेट्रोल देणारा), पेट्रोलची जाळी किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा. (झाकण सैल करून चालवा. बरं चाललं तर दोष भोकाचा, आणि त्याला खर्च शून्य.) प्लग कोरडा काळा असेल तर आधी एअर फिल्टर साफ करा. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर सुई अडकली आहे. अशा वेळी डिपस्टिकचा वास घ्या. ऑईलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली, तर ऑईल बदलल्याशिवाय दोरीला हात लावू नका. कॉम्प्रेशन गेलं असेल, रिंगा झिजल्या असतील, तर कुठल्याही बाटलीचा उपयोग नाही. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या मेकॅनिककडची वाट धरा.

खोलायचं ठरलं तर

साध्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा कार्बोरेटर खोलणं तासाभराचं काम आहे. कॉक बंद करा. वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या आणि उजेडात बघा. तळाशी वेगळा थेंब लोळत असेल तर पाणी, चहासारखा रंग असेल तर जुनं पेट्रोल, तांबूस गाळ असेल तर टाकी गंजलीय. मग १० नंबरचा बोल्ट काढून वाटी उतरवा. गोल गॅस्केट ताणू नका, ते फुगलेलं असतं आणि परत बसत नाही. अर्धा तास उन्हात ठेवलं की बरेचदा आकाराला येतं.

मधल्या खांबात मेन जेट असतो. त्याच्या खाचेत नीट बसेल असाच पेचकस वापरा, पितळ मऊ असतं. जेटमागून बाजूला भोकं असलेली नळी निघते, तिचं प्रत्येक भोक बघा. पायलट जेट बहुधा वरच्या बाजूला, आयडलच्या प्लास्टिकच्या स्क्रूखाली दडलेला असतो, आणि नेमका तोच साफ करायचा राहतो. फ्लोट आणि सुई काढल्यावरच कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, आणि डोळ्याला चष्मा लावा. एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. भोक मोकळं करायला विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते. शिवणाची सुई घातली तर भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं. शेवटी पंक्चरच्या दुकानातली हवा मारा आणि जेट डोळ्यासमोर धरा. उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे.

जोडून झाल्यावर आता औषधाची पाळी. ताजं पेट्रोल आणि लिटरला लेबलाप्रमाणे माप घालून पहिली टाकी भरा. दहा मिनिटं चालवून रात्रभर तसंच ठेवा, म्हणजे कानाकोपऱ्यातला चिकटा मऊ होतो. दुसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास लोडवर (कामाला लावून) चालवा, कारण कार्बन सुटायला इंजिन चांगलं तापावं लागतं. पहिल्या टाकीत एखादेवेळी आधीपेक्षा जास्त मिस मारेल. टाकीतला सुटलेला गाळ जाळीवर येतो म्हणून. औषधाला दोष देण्याआधी जाळी धुवा. अशा दोन टाक्या झाल्या की इंजिन ऑईल बदला. त्यानंतर दर टाकीला औषधाची गरज नाही. हंगामात एकदा, फार तर दोनदा. आणि रोज चालणाऱ्या स्कूटरला तर सहसा तेवढीही नाही, तिथे पेट्रोलला म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही.

टू-स्ट्रोकचा हिशोब वेगळा

बांधावरचं गवत आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांत भात कापायला जो ब्रश कटर वापरतात, त्यातला टू-स्ट्रोक पेट्रोलाबरोबर ऑईलही जाळतो. त्याची घाण मुख्यतः ऑईलची असते. म्हणून तिथे औषधापेक्षा ऑईलची जात मोलाची. डब्यावर जासो (जपानी दर्जा) एफबी, एफसी किंवा एफडी असं छापलेलं असतं. एफसी कमी धूर करतं, एफडीत त्यावर साफ करण्याची ताकद जास्त. सुटं टू-टी घेऊन वर महागडं औषध घालण्यापेक्षा एफडीचा सीलबंद डबा घ्या. प्रमाण पुस्तिकेतलं: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, ४० ला १ म्हणजे २५, २५ ला १ म्हणजे ४०. कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग ऑईल, औषध घालायचंच असेल तर ते लेबलाप्रमाणे, नीट हलवून मग उरलेलं पेट्रोल. औषध कधीच ऑईलच्या जागी मोजायचं नाही. पिस्टन घासून जाम होतो तो या चुकीने. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा, आणि कॅनवर मिसळल्याची तारीख खडूने लिहा.

सायलेन्सरच्या तोंडाशी जमलेला कडक कार्बन औषधाने जात नाही. सायलेन्सर काढून, पिस्टन वर आणून पोर्ट झाकून घ्या आणि बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. पेचकसाने पिस्टनवर चरे पडतात.

मशीन तीन-चार महिने बाजूला ठेवायचं असेल, तर आपल्या दमट हवेत टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी केलेली बरी. पत्र्याच्या रिकाम्या टाकीत चमचाभर ऑईल फिरवून आतून ओली करा, नाहीतर गंजते. पुन्हा भरताना आधी थोड्या पेट्रोलाने खंगाळून ते काढून टाका. लाईट गेल्यावर लगेच लागणारा जनरेटर रिकामा ठेवता येत नाही. त्याची टाकी ताज्या पेट्रोलाने भरा, स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं चालवा, म्हणजे औषधाचं पेट्रोल वाटीपर्यंत पोचेल. मग कॉक बंद. हे न करता नुसतं टाकीत ओतलं तर वाटीत जुनंच पेट्रोल बसून राहतं आणि बुजायचा तो जेट बुजतोच.

पेट्रोल-रॉकेल पंपाला (पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या) आणखी एक नियम. बंद करायच्या पाच मिनिटं आधी रॉकेलचा कॉक बंद करून पेट्रोलवर घ्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाटीत पेट्रोल असतं. रॉकेलवर बंद केलेलं इंजिन थंडीत दोरी ओढून दमवतं, आणि लोक औषध शोधत फिरतात. डिझेल इंजिनाला यातली एकही बाटली चालत नाही. त्याची औषधं वेगळी, आणि नदीकाठच्या पंपाला बहुतेक वेळा तीही लागत नाहीत. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढलं, हवा सोडली, की तो चालू होतो.